झोपलेल्या मोलकरणीचं चित्र

१९८१ साली मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. त्या डिसेंबरात वाचनालयात हॉलंडमधल्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. चित्रं होती गंगाधरकाकांची. नाशिक रोडच्या छापखान्यात तीस वर्षं धातूवर कोरकाम करून ते निवृत्त झाले होते. तीनशे वर्षांपूर्वीची ही बारा चित्रं त्यांना मायदेशी परतणाऱ्या एका पाद्रीबाबांनी दिली होती. “केसाएवढी रेघ, श्यामला, आणि हात कुठे थरथरला नाही,” असं म्हणत ते भिंग माझ्या हातात देत.

चित्रं साध्या घरांतली, पण त्यांत प्रत्येक वस्तूला अर्थ. विझलेली मेणबत्ती म्हणजे सरणारं आयुष्य. कमरेची किल्ली म्हणजे घराची जबाबदारी. पाचव्या चित्रात मोलकरीण खुर्चीत झोपली होती आणि मागे मांजर ताटातला मासा पळवत होतं. शाळा सुटल्यावर वर्गात बसून त्याखाली लावायच्या कार्डावर मी लिहिलं, ‘आळस. बेसावध माणसाचं घर असंच लुटलं जातं.’

शाळेत झाडलोट करणाऱ्या सुलाबाई तेव्हा वर्गात होत्या. त्यांनी विचारलं म्हणून मी कार्ड वाचून दाखवलं. झाडू भिंतीला टेकवून त्या चित्रावर वाकल्या.

“ही आळशी नाय, बाई.”

“कशावरून?”

“मागं फळीवर भांडी बघा. घासून पालथी घातलीत. बाह्या अजून वर हायेत. आन् हे मांडीवरचं शिवण. सुई खोचून ठेवलीय, कुनाला टोचू नये म्हणून. आळशी बाईला एवढं सुचतं का? दमून डोळा लागलाय तिचा.”

मला सुई दिसेना. संध्याकाळी सुलाबाई वर्ग बंद करायला आल्या तेव्हा काकाही आले; मी काकांना सुईचं सांगितलं. त्यांनी भिंग लावलं, मग दिव्याखाली धरून पुन्हा लावलं.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “एकच रेघ आहे, आणि टोक कापडात. अगं, वीस वर्षं हे चित्र माझ्याकडे आहे!” मग सुलाबाईंकडे वळून म्हणाले, “बाई, ज्यानं हे कोरलं ना, त्यानं ती सुई मुद्दाम दाखवली असणार. तुम्ही त्याचं काम खरं पाहिलंत.”

सुलाबाई लाजल्या. “रोज भांडी घासते, काका. त्यात काय.”

मी कार्ड फाडलं नाही. रविवारी वाचनालयात प्रदर्शन उघडलं तेव्हा माझ्या भाषणात आधी तेच वाचलं, मग माझी चूक सांगितली आणि सुलाबाईंना पुढे बोलावलं. पहिलं वाक्य त्या माझ्याकडे बघत बोलल्या, पण भांड्यांची फळी दाखवताना लोकांकडे वळल्या. मागून एका गृहस्थांनी विचारलं, “मग मांजराचं काय?”

“मांजर मांजराचं काम करतंय,” सुलाबाई म्हणाल्या. “पन घरात हाकलायला दुसरं कुनीच नव्हतं का?”

सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका तर उठून उभे राहिले.

पुढच्या रविवारी सुलाबाई मनमाडहून आलेल्या नणंदेला घेऊन प्रदर्शनात आल्या. बाराही चित्रांपुढे थांबून त्या तिला एकेक वस्तू समजावत होत्या. मी थोड्या अंतरावरून, वहीत टिपून घेत, त्यांच्यामागे फिरत होते.