अर्ध्या मैदानावर खो-खो होत नाही

मित्रांनो, मी खो-खोचा खांब आहे, सागाचा, आणि अजून उभा आहे. हे आधीच सांगतो, कारण मला उपटायला निघालेले लोक कमी नव्हते.

शहागंजमधल्या एका सुताराने एकाच ओंडक्यातून आम्हा दोघांना काढलं. आम्हाला गोल केलं, घासलं, कुणाच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून शेवटी तेल चोळलं. मग हातगाडीवरून आम्ही या कॉलेजच्या मैदानावर आलो. मैदान राखणारे पुंजाराम आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आम्हाला पुरलं. पुंजारामांनी पहारीने खड्डे खणले, लक्ष्मीबाईंनी दगडगोटे टाकून माती ठेचली. "ढिला ऱ्हायला तर पोरींचे हात मोडतील," असं म्हणून त्यांनी माझ्या बुडाशी आणखी मुरूम ओतला.

माझा जोडीदार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. मी त्याला 'समोरचा' म्हणायचो. आम्ही कधी एकमेकांजवळ गेलो नाही. पाठलाग करणारी मुलगी त्याला वळसा घालून माझ्याकडे यायची, मला वळसा घालून त्याच्याकडे जायची. आमचं बोलणं तेवढंच होतं आणि ते पुरत होतं.

मुलींच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या. त्यांच्या तळहातांनी मी गुळगुळीत झालो. ढाल जिंकली त्या वर्षी आम्हा दोघांना झेंडूचे हार घातले होते. मग हळूहळू मैदानाकडे लक्ष देणारे कमी झाले. एका बाजूला पाणी साचायला लागलं, माती वाहून गेली, खडी वर आली. मेघा नावाच्या मुलीचा गुडघा त्या खडीवर फुटला. तेव्हा दुरुस्ती हवी होती, हे मी नाकारत नाही. माझं भांडण दुरुस्तीशी नाही, तिच्या वेळेशी आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मैदानावर कुत्री लोळत होती. तेव्हा दुरुस्तीला कुणी आलं नाही. त्याच उन्हाळ्यात लक्ष्मीबाई गेल्या. दिवस झाल्यावर पुंजाराम कामावर आले आणि मैदानावर पाणी मारायला लागले. ते काम नेहमी लक्ष्मीबाईंचं. पाईप कुठे दुमडतो ते पुंजारामांना माहीत नव्हतं. बराच वेळ ते कोरडा पाईप हातात धरून उभे राहिले.

गणपती उठले. कॉलेजा-कॉलेजांमधले सामने तोंडावर आले, मुली सकाळ-संध्याकाळ सरावाला लागल्या, आणि नेमकं तेव्हा माती उकरायचं यंत्र आलं.

कामावर देखरेख करणारे अभय साहेब तरुण होते, बोलायला गोड होते. ते म्हणाले, "खेळ बंद पडणार नाही. आता अर्धं मैदान करतो, अर्धं नंतर. तोवर उरलेल्या अर्ध्यात खेळा."

संघाची कर्णधार संध्या पुढे झाली. ती रोज लासूर स्टेशनहून यायची आणि तिचं शेवटचं वर्ष होतं.

"सर, तुम्ही खो-खो बघितलाय का कधी?"

"बघितलाय? शाळेत खेळलोय मी."

"मग एका खांबावर कसा खेळायचा ते सांगा. इकडून वळले आन् तिकडं कुठं जाऊ, कॅन्टीनात?"

मुली खो खो हसल्या. अभय साहेब पण हसले. पण यंत्र थांबलं नाही. त्याने समोरच्याला बुडाशी धरून ओढलं. तो निघाला नाही. तो मोडला.

मित्रांनो, त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. मला समोर बघायची सवय होती. समोर बघितलं तर कंपाउंडची भिंत दिसली.

पुंजारामांनी मोडका खांब खांद्यावर घेतला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. "सरपणाला का, काका?" एका मुलीने विचारलं. "नाय," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं तेव्हा मैदानाच्या मधल्या पट्टीवर आठ मुली बसलेल्या होत्या. खो-खोत बसतात तशाच, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. चौघी चांगल्या जमिनीवर, चौघी उकरलेल्या ढेकळांत. माझ्याजवळ संध्या होती.

"उठा गं, यंत्र चालवायचंय," अभय साहेब म्हणाले.

"बसलेल्यानं खो मिळाल्याबिगर उठायचं नसतं, सर. शाळेत खेळलाय ना तुम्ही?"

यंत्राचा चालक खाली उतरला आणि पुंजारामांना म्हणाला, "चाचा, ये नै उठते अब. चाय है क्या?"

प्राचार्य मॅडम आल्या. "काय तमाशा आहे हा?"

"मॅडम, बसूनच बोलते, माफ करा," संध्या म्हणाली. "मैदान नीट करा, हे आम्हीच मागत होतो. पण शेवटचा सामना झाल्यावर करा. पुढच्या वर्षी मैदान लई भारी व्हईल, पण तवा मी नसंन. आत्ता सराव बंद पडला तर माझा खेळ इथंच संपला."

मॅडमनी अभय साहेबांना विचारलं, "डिसेंबरात सुरू केलं तर जमेल?"

"जमेल की. सामने कधी असतात ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मॅडम."

मॅडमनी शेजारी उभ्या असलेल्या क्रीडा शिक्षकांकडे बघितलं. क्रीडा शिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मला कुणी विचारलं होतं?

"बरं. डिसेंबरात करू. उठ आता," मॅडम म्हणाल्या.

संध्या हलली नाही. मग मॅडम तिच्या मागे गेल्या, वाकल्या, तिच्या पाठीला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "खो." संध्या अशी उठून पळाली की चालकाच्या हातातला चहा सांडला.

उकरलेलं मुलींनीच घमेल्यांनी भरलं. पुंजारामांनी बाभळीचा नवा खांब आणून पुरला. माती एकट्यानेच ठेचली, कुणाला हात लावू दिला नाही. मला तो खांब नको होता. त्याला उग्र वास होता आणि त्याच्या अंगावर अजून एकाही हाताची खूण नव्हती. सराव सुरू झाला. मेघा त्याला धरून वळली आणि माझ्याकडे आली. तिच्या तळहाताला त्याचा वास होता. मी तिला वळवून परत त्याच्याकडे पाठवलं. दुसरं काय करणार होतो?

अंतिम सामना आमच्या मुली हरल्या. एका गुणाने. त्या दिवशी संध्या रडली, मग मलाच एक चापट मारून गाडी गाठायला गेली. हरलो ते मैदानावर हरलो, कुणाच्या टेबलावर नाही. याची मला लाज वाटत नाही.

आता डिसेंबर आहे आणि यंत्र परत आलं आहे. मी हात जोडणार नाही. मला नव्या मैदानात पुन्हा पुरा, नाहीतर नका पुरू, पण तुम्ही मोठे होऊन असल्या कामांवर सह्या कराल तेव्हा आधी एक करा. जो तिथे खेळतो त्याला जाऊन विचारा, की तू कधी खेळतोस? जुनं झालेलं जपायचं असेल तर ते कुणाच्या उपयोगाचं आहे हे आधी बघावं लागतं.

अभय साहेब या वेळी आधी मुलींकडे गेले. "सुरू करू का?"

"आज एक डाव खेळून घेतो सर, मग करा," मेघा म्हणाली.

यंत्र फाटकापाशी बंद उभं आहे. त्याला थांबू द्या. मेघा माझ्याकडे धावत येते आहे आणि मला तिला वळवायचं आहे.