विनिताच्या फोनचं खोकं

विनिताच्या हातात वस्तू टिकत नाही, हे कोपरच्या त्या घरात इतकं पक्कं ठरून गेलेलं की बाजारात तिचा फोन चोरीला गेला तेव्हा कुणी फारसं हळहळलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, सुटला बिचारा. धाकटी जाऊ दिपिका हसली. विनिताही हसली, दुसरं काय करणार?

दोन वर्षं त्या फोननं तिच्या नाकी नऊ आणले होते. सकाळी भरपूर चार्ज करून ठेवावा, तर कुकरच्या शिट्ट्या होईतो यानं मान टाकलेली. कानाला लावला की तव्यासारखा तापणार आणि बोलता बोलता गप्प. ती घरगुती मसाल्याच्या आणि सुकटीच्या ऑर्डरी फोनवरच घ्यायची. ठाण्याच्या बायका एकदा लावून बघत, दोनदा बघत, मग दुसरीकडून मसाला घेत. दिपिकाचा फोन त्याच दिवशी घेतलेला, त्याच रंगाचा, आणि अजून नव्या नवरीसारखा.

वहिनी, तुम्हाला वापरता येत नाही, असं धाकटा दीर प्रणित सांगायचा. पिठाचे हात लावता, मसाल्याची पूड आत जाते. घरातला मोबाइलचा जाणकार तोच. म्हणून विनिता दर कॉलला हात धुऊ लागली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू लागली. मसाला दळायला जाताना तर तो घरीच ठेवून जाई. एवढं करूनही फोन सुधारला नाही, तेव्हा तिनंच कबूल करून टाकलं की खोट आपल्या हातात आहे. मग भांडं निसटलं, बशी फुटली, की इतरांच्या आधी तीच म्हणायची, माझे हातच मेले असले.

पोलीस ठाण्यात गेली ती फोन परत मिळेल म्हणून नाही. आपला फोन कुणी भलत्या कामाला वापरला तर निस्तरणार कोण, या भीतीनं गेली. तिथल्या पोलीसबाईंनी तक्रार लिहून घेतली आणि फोनचा नंबर मागितला. विनितानं आपला दहा आकडी नंबर सांगितला.

"तो सिमचा झाला," पोलीसबाई म्हणाल्या. "फोनचा स्वतःचा असतो, पंधरा आकडी. आयएमईआय म्हणतात. माणसाला आधार, तसा फोनला हा. सिम बदला, काही करा, तो तोच राहतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो."

"दाबू कशावर? फोनच गेला ना."

"मग खोक्यावर बघा. छापलेला असतो."

खोकं होतं. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला नवऱ्यानं, महेंद्रनं, दोन फोन आणलेले. जावाजावांत कुरबुर नको म्हणून एकसारखे. नवी वस्तू आधी देवापुढे, ही त्या घराची रीत. सीलबंद खोकी पाटावर मांडली, विनितानं हळदकुंकू लावलं, महेंद्रनं पेनानं नावं लिहिली. मग खोकी फोडून सेटिंग करायला प्रणित बसला आणि विनिता नैवेद्याच्या पुऱ्या तळायला गेली. संध्याकाळी दोघींच्या हातात चालू फोन आले. रिकामी खोकी गेली कपाटावर.

आपलं नाव असलेल्या खोक्यावरचा नंबर तिनं दिला आणि फोन बंद करण्याचा अर्ज भरून आली.

दोनेक दिवसांत दिपिकाच्या फोनची रेंज गेली. सिम काढून घातलं, दुसरं घातलं, काही नाही. प्रणित दुकानात घेऊन गेला आणि परत आला तो चपला न काढताच आत. दुकानदारानं चारचौघांत सांगितलेलं, हा फोन चोरीचा म्हणून बंद केलाय.

"वहिनी, तुम्ही दिपिकाच्या फोनचा नंबर दिलात. एवढंसं काम, तेही धड नाही?"

विनिताला वाटलं, दिलाही असेल, आपलेच हात. तिनं खोकं काढलं. वर हळदीचा फिकट डाग, महेंद्रच्या अक्षरात 'विनिता'. दिपिकाकडून फोन घेऊन तिनं स्वतः स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं. एकेका आकड्यावर बोट ठेवत ती पुढे गेली. तोच नंबर. मग दिपिकाचं खोकं काढलं. त्याच्यावरचा नंबर या फोनमध्ये नव्हता. तो बाजारात चोरीला गेलेल्या फोनचा.

दिपिकानं नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून विनिताला कळलं की हिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. पुढे बरेच दिवस तिला त्या एवढ्याशा गोष्टीचा आधार वाटत राहिला.

प्रणितनं मग सांगितलं. एक फोन उघडल्या उघडल्याच तापत होता, दिपिकाच्या खोक्यातला. तिला ऑफिसचं काम असतं. वहिनींना काय, बोलायचंच तर असतं. दुकानात बदलून आणणार होतो, राहिलं.

विनितानं महेंद्रकडे पाहिलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"जाऊ दे ना आता," तो म्हणाला. "मी याला तेव्हाच बोललेलो, बदलून आण. मग म्हटलं, चाललंय ना तुझं. घरात उगाच कशाला तमाशा."

म्हणजे महेंद्रलाही माहीत होतं. पाहुण्यांसमोर, हिला दगड दिला तरी मोडेल, असं म्हणून हसताना माहीत होतं. ती पिशवीत गुंडाळलेला फोन दोन बोटांनी उचलायची, तेव्हाही माहीत होतं.

बंदी उठवायची तर जिनं तक्रार केली तिनंच जायला हवं. सकाळी प्रणितनं स्वतः चहा करून आणून दिला. विनितानं तो प्यायला आणि सांगितलं, उठवते, पण फोन माझ्याकडे येणार. दिपिकानं आपले फोटो काढून घेतले, फोन पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"ताई, मला खरंच..."

"माहितीये गं," विनिता म्हणाली.

पोलीस ठाण्यात महेंद्र सोबत आला. पोलीसबाईंनी विचारलं, फोन सापडला का?

"सापडला. घरातच होता."

"घरात? काय बाई तुम्ही. आधी नीट शोधायचं ना."

"हिचं असंच असतं मॅडम," महेंद्र मागून म्हणाला आणि नेहमीसारखा हसला.

विनितानं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, त्याचं हसू संपेपर्यंत. मग पर्समधून दिपिकाचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. चोरीला गेलाय तो हा, म्हणाली, याचा नंबर लिहून घ्या.

"म्हणजे आधी चुकीचा दिलात."

"नाही. तो माझ्याच फोनचा होता. माझा फोन मला कधी दिलाच नव्हता. कसं ते ह्यांना विचारा. ह्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे."

पोलीसबाईंनी पेन थांबवलं. महेंद्रनं घसा खाकरला. त्याला पुढे यायला जागा व्हावी, म्हणून विनितानं आपली खुर्ची बाजूला सरकवली.