राजाबाईंची गाळ

देवासला टेकडीखालच्या त्या सभागृहात पंखे नुसते खडखडत होते, वारा काही देत नव्हते. ईशानी पडद्याच्या फटीतून बघत होती. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, तिचे बाबा बसले होते. हातात मोबाइल, कपाळाला आठी.

धारहून निघतानाच बाबांनी बजावलं होतं, "आत्यासाहेब आज एकदा जरी अडखळल्या ना, ईशू, तर हा शेवटचा कार्यक्रम. मग घरी. आणि माझ्याशी वाद घालायचा नाही."

बाबा दुष्ट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण मागच्याच महिन्यात त्यांच्या आत्यासाहेब, म्हणजे ईशानीच्या आत्याआजी, म्हणजे अख्ख्या माळव्याच्या राजाबाई, धारच्या बसस्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टांगा कुठे मिळेल म्हणून विचारत होत्या. बाबा त्यांना घेऊन आले आणि ती रात्र त्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसले.

"पब्लिक आली का गं?" मागून आत्याआजींनी विचारलं. हिरवं, बाग गावच्या ठशांचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"फुल्ल आहे! लोकं उभी आहेत मागे."

"मग उभ्यानंच हसतील. चल."

आत्याआजींचं सगळं आयुष्य असंच 'चल' म्हणण्यात गेलं होतं. त्यांचे वडील यशवंतराव दरबारी घराण्यातले, मिशीला पीळ देणारे. माळव्यात लग्नाच्या मांडवात बायका व्याह्यांना गाण्यातून शिव्या घालतात, त्याला मालवीत गाळ म्हणतात. वधूकडच्यांनी एक गाळ द्यायची, वराकडच्यांनी लगेच उलटी द्यायची, आणि रागवायचं कुणी नाही. सोळा वर्षांची राजा शेजारच्या मांडवात बसून हे शिकली आणि घरी येऊन गुणगुणली, तेव्हा यशवंतराव म्हणाले होते, "गाळ? गाळ नदीच्या तळाशी असतो. आपल्या घरात नको." ते ऐकून राजा शेजारी परत गेली ती पुढची गाळ शिकायला! मग इंदूरचा रेडिओ झाला, मग गंधवानीपासून हाटपिपल्यापर्यंत बसगाड्या, जीप, ट्रॅक्टर, मिळेल ते वाहन. "मराठी बाई मालवी काय गाणार?" म्हणणाऱ्यांना त्यांनी त्याच चालीत अशी गाळ दिली होती की ते लोक पुढच्या लग्नात स्वतःहून बोलवायला आले.

आणि आता ईशानी त्यांची झेल होती. राजाबाई पुढे बसून ओळ उठावणार, ईशानी मागून ती झेलणार, म्हणजे जशीच्या तशी परत गाणार. नियम एकच. झेलणारीनं पुढे धावायचं नाही. "तू पुढे धावलीस तर माझी लाज गेली," आत्याआजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणून तर हाटपिपल्याची गोष्ट ईशानीनं कुणाला सांगितली नव्हती. तिथल्या कार्यक्रमात ऐन रंगात आत्याआजी मालवीतून सरळ मराठीत घसरल्या. 'पगरखी भूल्या घर में जी' ऐवजी गाऊन बसल्या, 'पगरखी विसरले घरात जी'. पगरखी म्हणजे जोडा. ईशानीनं डोळे मिटले आणि तेच झेललं, ठसक्यात, मराठीतच! लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. जाम हसले. ईशानीही हसली, पण जीपमध्ये बसल्यावर घरापर्यंत तीच ओळ मालवीत घोकत राहिली.

आज पुन्हा तेच गाणं होतं.

मानाजीकाकांनी ढोलकीवर थाप मारली. ते आत्याआजींबरोबर इतकी वर्षं वाजवत होते की बाईंच्या श्वासावरून त्यांना ठेका कळायचा. आत्याआजींनी कानावर हात ठेवला आणि ओळ उठावली,

"ब्याईजी तो आया ऊंट पे बैठी ने, पागड़ी भूल्या घर में जी!"

व्याही उंटावर बसून आले आणि पागोटं घरीच विसरले. ईशानीनं झेललं. सभागृह खुललं. मागून कुणीतरी ओरडलं, "क्या बात हे, बा!" दुसरं कडवं, जोड्याचं, तेही बिनघोर निघालं. ईशानीनं हळूच श्वास सोडला. आता तिसरं. या कडव्यासाठीच लोक थांबतात. यात व्याही थाटात मोटारीतून येतात आणि घरी विसरून येतात ती चक्क आपली बायको!

"ब्याईजी तो आया..." आत्याआजी थांबल्या.

ढोलकी वाजत राहिली.

"ब्याईजी तो आया..."

पुन्हा थांबल्या. त्यांचा हात कानावरून खाली आला. ईशानीनं बाजूनं त्यांचा चेहरा पाहिला. तो बसस्टँडवरचा चेहरा होता. टांगा शोधणारा.

"मोटर में," ती कुजबुजली. आत्याआजींना ऐकू गेलं नाही. मोठ्यानं सांगावं तर समोर माइक! मानाजीकाकांनी तोच तुकडा फिरवून फिरवून वाजवला, जणू ते ठरलेलंच होतं. लोक अजून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. पण पहिल्या रांगेत चित्रण करत असलेला बाबांचा मोबाइल हळूहळू खाली आला आणि ते खुर्चीवरून अर्धे उठले. आत्यासाहेबांना हात धरून खाली न्यायला.

मानाजीकाकांनी ईशानीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

काय करायचं? ओळ पुरी करावी तर सगळ्यांना कळेल की राजाबाई विसरल्या आणि एका शाळकरी पोरीनं सावरून घेतलं. गप्प बसावं तर बाबा पायऱ्यांपर्यंत पोचलेच होते. पुढे धावायचं नाही. मागे राहायचं नाही. मग समोर उभं राहायचं!

हे सुचलं कुठून ते ईशानीला नंतरही सांगता आलं नाही. ती उठली, आत्याआजींच्या समोर जाऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या देवासला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच चालीत गायली,

"राजाबाई तो आई धार से, गीत भूली घर में जी!"

पहिल्या रांगा पुढे झुकल्या. कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. बाबा पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबले. तोंडावर सांगितलं होतं तिनं, सगळ्यांसमोर, जे घरातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ईशानीचे कान गरम झाले. आता ही म्हातारी रडली तर? काहीच बोलली नाही तर?

आत्याआजींनी मान वर केली. डोळे बारीक केले. आयुष्यभरात त्यांना मांडवात हजारदा गाळ मिळाली होती आणि एकही त्यांनी उधार ठेवली नव्हती. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. कानावर हात गेला. आणि मग तो आवाज आला, खरखरीत, दणदणीत,

"ईशानी तो बैठी देवास में, अक्कल भूली इस्कूल में जी!"

हशा असा फुटला की पंख्यांची खडखड बुडाली. मानाजीकाकांनी ढोलकी फाडायचीच बाकी ठेवली. ईशानीनं उलटी दिली, चष्मा विसरल्याची. आत्याआजींनी गणिताच्या पेपराची. ईशानीनं दातांच्या कवळीची. आत्याआजींनी तर बँकेत काम करणाऱ्या बाबांनाच ओढलं, "वीरेंदर तो आया मोटर में, हंसी भूल्या बैंक में जी!" आणि सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा बाबा पायरीवर उभ्या उभ्या लाल झाले होते.

टाळ्या थांबेपर्यंत बाबा वर आले होते. आत्याआजींच्या शेजारी गुडघ्यावर बसून ते हळूच म्हणाले, "आत्यासाहेब, मला कळलं बरं का. पोरीनं झाकलं, पण मला कळलं."

"मलाही कळलं," आत्याआजी म्हणाल्या. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? ओळ तोंडाशी येते आणि दार लागतं."

"मग पुरे ना आता. चला घरी."

आत्याआजींनी माइककडे पाहिलं. मग मांडीवरच्या मंजिऱ्यांकडे, छोट्या टाळांकडे. लोक पुढच्या गाण्यासाठी ओरडत होते.

"उठावणं पुरे," आत्याआजी म्हणाल्या. "झेलायला काय लागतं? कान! कान आहेत मला." त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, मागे सरकल्या आणि ईशानीच्या आसनावर जाऊन बसल्या. "बस तिथे पुढे. बघतेस काय? गाळ देताना बरी जीभ चालली तुझी."

"पण आत्याआजी, मला सगळी गाणी..."

"चल म्हटलं ना!"

बाबा मधेच उभे राहिले. एकदा पुढच्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं, एकदा मागच्या भरलेल्या. मग खाली उतरून आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

ईशानी पुढे बसली. तिनं कानावर हात ठेवला. समोर इतकी माणसं, आणि पाठीमागे ती, जिनं ओळ चुकली तर चुकलेलीच परत गायची होती. मानाजीकाकांची थाप पडली. ईशानीनं पहिली ओळ उठावली, थोडी वरच्या सुरात, थोडी घाबरत, आणि थांबली.

अर्धा क्षण काहीच आलं नाही.

मग तिच्या पाठीवर तो खरखरीत आवाज आदळला, शब्दन् शब्द, तिच्या घाबरण्यासकट.