मुठीतली माती

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिसरी पीस लिली परत आणून माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पहिली आणली तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्यावरच खापर फोडलं होतं. दवाखान्यात ताटकळलेल्या पेशंटचा वेळ जाईना की ते आपल्या बाटलीतलं पाणी झाडाला घालतात, हा माझा जुना अनुभव आहे. दुसरीच्या वेळी मी एसीला दोष दिला. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. मी कुंडी उपडी केली. मुळं काळी आणि बुळबुळीत होती, माती म्हणजे नुसता चिखल. महिन्यापूर्वी आमच्याच दुकानात, बाबांनी स्वतःच्या हातानं भरलेली कुंडी होती ती.

"पाणी आठवड्यातून एकदाच घातलंय हं मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं तसंच."

"बदलून देते," मी म्हणाले. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात घरात ठेवायची झाडं, आणि मागे पत्र्याच्या छपराखाली मातीचं मिश्रण करायची जागा. झाडं काय, सगळेच विकतात. आमच्याकडे लोक यायचे ते बाबांच्या मिश्रणासाठी. बाबांनी आयुष्यात कधी माप वापरलं नाही. भिजवून फुगवलेलं कोकोपीट, कुजलेलं खत, वाळू, कोळशाचा चुरा, सगळं फावड्यानं खाली-वर करायचं आणि मग एक मूठ उचलून आवळायची. मूठ उघडल्यावर ढेकूळ राहिलं पाहिजे, आणि अंगठ्यानं टोचलं की मोडलं पाहिजे. पाणी ठिबकलं तर नापास, बोटांना चिकटलं तर नापास, वाळूची खरखर लागली नाही तरी नापास. "मुळं पाणी पितात तशी हवासुद्धा पितात," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. छोट्या झाडाला मोठी कुंडी मागणाऱ्याला म्हणायचे, "एकट्या माणसाला रिकाम्या थेटरात झोपवाल का? मग?" कुणी प्रमाण विचारलं तर हसून मूठ दाखवायचे. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी मागे जाऊन उभी राहिले. बाबांनी ढिगातून मूठ उचलली, आवळली, आणि त्यांच्या मनगटावरून पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत गेला. "झालं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, हाताकडे नाही.

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी मला उत्तर मिळालं. मला गरम ग्लास हातात धरवेना म्हणून मी तो खाली ठेवला, आणि बाबा मात्र त्यांचा ग्लास मुठीत धरून आरामात गप्पा मारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन बोटांवर फोड आले. "कशानं झालं कुणास ठाऊक," ते म्हणाले. बाबांच्या साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या पायांना मुंग्या येतात, ते बधिर होतात, एवढं मला माहीत होतं. ती बधिरता बोटांतही पोचली होती, आणि हा गृहस्थ स्वतःलाच त्याचा पत्ता लागू देत नव्हता.

आता इथं शहाणी मुलगी काय करेल? बापाला समोर बसवेल आणि सांगेल. मी तशी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण वर्षापूर्वी आई गेली आणि बाबांनी चार महिने अंथरूण सोडलं नव्हतं. दाढी नाही, बोलणं नाही, ताटातलं तसंच ताटात. एका सकाळी मी चिडून ओरडले, "मला जमत नाही ते मिश्रण, माझी झाडं मरतायत," आणि ते उठले. चप्पल घातली आणि माझ्यामागून दुकानात आले. त्या दिवशी मी खोटं बोलले होते, पण त्यांना त्या ढिगानं उठवलं होतं हे खरं होतं. तो ढीग त्यांच्याकडून काढून घ्यायचा म्हणजे माणूस पुन्हा अंथरुणात घालायचा. ते मला करवेना.

म्हणून मी दुसरी वाट काढली. बाबा बारा वाजता जेवायला घरी जायचे आणि चारपर्यंत झोपायचे. ते गेले की मी फावडं घ्यायची. त्यांच्या ढिगात वाळू घालायची, कोळसा घालायची, कोरडं कोकोपीट मिसळायची, पुन्हा पुन्हा मूठ आवळून बघायची, आणि ढीग होता तसा रचून ठेवायची. वर त्यांच्या फावड्याची खूणसुद्धा उठवायची. त्यांनी सकाळीच भरून ठेवलेल्या कुंड्याही रिकाम्या करून पुन्हा भरायची. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! माझी पाठ रोज मोडायची, पण झाडं जगायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या चौथ्या लिलीला फूल आलं, ते सांगायला त्या मुद्दाम येऊन गेल्या.

"बघ," बाबा मला म्हणाले, "हात अजून शाबूत आहेत म्हातारबाचे." त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले.

मी हसले. मला स्वतःची लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. असे पाच महिने गेले.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आईचं जेडचं झाड होतं. माझ्याच वयाचं, म्हणजे बेचाळीस वर्षांचं. मी जन्मले तेव्हा इस्पितळाच्या खिडकीत कुणाची तरी कुंडी होती. आईनं तिच्यातलं एक जाडसर पान खुडलं आणि माझ्याबरोबर रुमालात बांधून घरी आणलं. "एक विकतचं आणि एक चोरीचं," असं ती आम्हा दोघांबद्दल सांगायची, पण विकतचं कोण ते कधी सांगत नसे. त्या पानाचं झाड झालं, त्याचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं. बाबांनी आयुष्यभर हजारो कुंड्या बदलल्या, पण त्या झाडाला आईनं त्यांना हात लावू दिला नाही. "दुकानातली तुमची, हे माझं," ती म्हणायची.

एका संध्याकाळी मी घरी आले तर जेड नव्या कुंडीत होतं. बाबा समोर खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होते.

"मुळं कुंडीबाहेर यायला लागली होती," ते म्हणाले. "जेवायला येताना सकाळच्या ढिगातूनच पिशवी भरून आणली. तिच्या झाडाला माझा हात लागायचा राहिला होता. लागला एकदाचा."

सकाळच्या ढिगातून. म्हणजे माझ्या फावड्याच्या आधी. मी पाणी प्यायचं निमित्त करून खिडकीशी गेले आणि कुंडीत बोट खुपसलं. ते चिखलात रुतलं. जेडला तर नेहमीपेक्षा दुप्पट वाळू लागते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "बाबा, तुमच्या बोटांना कळत नाही." एवढं एक वाक्य. ते तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं, आणि मी ते वाक्य पाण्याबरोबर गिळलं. म्हटलं, उद्या दुपारी ते झोपले की गुपचूप बदलू. त्यात काय मोठं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चांगल्या मिश्रणाची पिशवी घेऊन घरी आले. बाबा जागे होते. खिडकीशीच बसले होते.

"पिशवीत काय?"

"खालच्या मजल्यावरच्या काकूंना हवं होतं."

"मग वर कशाला आणलंस?"

"विसरले," मी म्हणाले, आणि पिशवी घेऊन खाली उतरले. त्यानंतर ते दुपारचे झोपेनासेच झाले. जेवायचे आणि खुर्ची ओढून झाडापाशी बसायचे, काहीतरी हळू आवाजात बोलायचे. मध्येच मातीला बोट लावायचे आणि "कोरडी वाटते" म्हणून भांडंभर पाणी घालायचे.

"बाबा, जेडला इतकं पाणी?"

"मला शिकवतेस?" ते हसून म्हणाले. एवढी फटकळ मी, पण त्या खिडकीपाशी माझ्या तोंडाला कुलूप लागायचं.

आठ दिवसांनी पानं गळायला लागली. चांगली हिरवी, टपोरी पानं. बाबा उठायच्या आधी मी चहा टाकायला जायची, तेव्हा ओट्यावर दहा-बारा पडलेली असायची. मी ती ओंजळीत गोळा करून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची, वर भाजीची देठं पसरायची. त्यांना दिसू नयेत एवढंच डोक्यात असायचं. फांद्या विरळ झालेल्या त्यांच्या लक्षात यायच्याच. "नव्या घरात रुळायला वेळ लागतो," ते म्हणायचे. मी "हो ना" म्हणायची. रोज सकाळी गोळा करणं, टाकणं, "हो ना". तीन आठवडे मी हे केलं.

मग एका दुपारी मी मागे छपराखाली ढीग उपसत होते, गुडघ्यापर्यंत मातीत, वाळूचं घमेलं हातात, आणि दारात बाबा उभे दिसले. त्यांनी दोन्ही हातांनी जेडची कुंडी छातीशी धरली होती. झाड एका बाजूला कलंडलं होतं. खोड बुडाशी मऊ पडून वाकलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. त्यांना दोनदा सांगावं लागायचं नाही, कधीच नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने होतील."

ते पालथ्या बादलीवर बसले. कुंडी पायांपाशी ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घरी विचार करत होतो," ते म्हणाले. "एकाच ढिगातली माती. दुकानातलं एकही झाड मरत नाही आणि हे कसं मेलं? वाटलं, तुझ्या आईनं माझा हात मानला नाही." त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "म्हणजे सहा महिने मी इथं भातुकली खेळत होतो."

"बाबा, तुम्ही पुन्हा अंथरूण धराल म्हणून मी—"

"अगं, मग मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. पण तिचं झाड तरी बदलायचंस ना. परक्या लोकांच्या झाडांसाठी रोज फावडं मारलंस."

मी घमेलं खाली ठेवलं.

त्यांनी खिशातून चाकू काढला आणि खोड बुडापासून कापायला घेतलं. एक चकती कापली, आत तपकिरी. वर कापलं, तपकिरी. शेंड्यापर्यंत कापत गेले, हिरवा ठिपका कुठेच नव्हता. फांद्यांना चिकटलेली दोन-चार पानं होती, ती हात लागताच पाणी होऊन फुटली. चाकू पुसून खिशात ठेवताना त्यांना एकदम काहीतरी आठवलं. चेहरा जरा उजळला.

"गळलेली पानं," ते म्हणाले. "सुरुवातीला गळली असतील ना, चांगली होती तेव्हाची? ती कुठं ठेवलीस? एक पान पुरे. तुझ्या आईनं एकच तर आणलं होतं."

मी, जिच्या दुकानात जेडचं प्रत्येक रोप पडलेल्या पानातूनच तयार होतं, तिनं तीन आठवडे रोज सकाळी आईचं झाड ओंजळीनं उचलून कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. लपवण्यापुढे काही सुचलंच नव्हतं.

माझ्या उजव्या हाताला फळीवर जेडच्या पानांचा ट्रे होता. शंभरेक पानं ओळीनं वाळूवर ठेवलेली, काहींना केसासारखी गुलाबी मुळं फुटलेली. ती कुणाच्या झाडाची होती मला ठाऊक नव्हतं, पण आईच्या झाडाची नव्हती. बाबांनी हात पुढे केला होता, तळवा वर. त्यातलं एक उचलून त्या तळव्यावर ठेवायचं, एवढंच होतं. त्यांना कधी कळलं नसतं. ते पान त्यांनी उशाशी ठेवून वाढवलं असतं.

माझा हात ट्रेपर्यंत गेलाही.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "सगळी टाकली. तुम्हाला दिसू नयेत म्हणून टाकली."

त्यांनी मान हलवली. हात मात्र लगेच मागे घेतला नाही. मग त्याच हातानं त्यांनी माझ्या ढिगातून मूठभर माती उचलली, सवयीनं आवळली, आणि उघडून माझ्यासमोर धरली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले.

"मला काहीच लागत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ती माती हळूच ढिगावर परत ठेवली.