मावशी, आत्या, काकू

सूची करणाऱ्या बाईंनी तीस वर्षांत नाना तऱ्हेच्या पुस्तकांना शेवटी शब्दसूच्या जोडल्या होत्या. नळजोडणी, भागीदारीचा कायदा, गुरांचे आजार, काय वाट्टेल ते. पुस्तक पुरतं समजलंच पाहिजे असं नसतं, पण कुठला शब्द कशासाठी आलाय तेवढं कळावं लागतं. या खेपेला प्रकाशकाने मनोविश्लेषणाच्या सिद्धान्तावरच्या एका भाषांतराची सहाशे पानांची प्रुफं धाडली आणि पहिल्याच पानावर गाडी अडली.

‘उणीव’ हा शब्द त्या पानावर अकरा वेळा होता. कधी उणीव माणसात होती, कधी भाषेत, आणि एका ठिकाणी तर ती ‘स्वतःलाच उणी’ होती. आता सूचीसाठी या शब्दाची चिठ्ठी एक करायची की अकरा? बाईंनी पान चारदा वाचलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्यांनी भाषांतरकाराला फोन लावला. ते कॉलेजात हाच विषय शिकवायचे; सगळे त्यांना सर म्हणत.

“सर, हे वाचायला सुरुवात कुठून करायची?”

“पहिल्यापासून तर मुळीच नको,” सर म्हणाले. “सातवं प्रकरण घ्या. त्यात एका रुग्णाची हकीकत आहे.”

सातव्यात हातमोजे शिवणारी एक तरुणी होती. घरी मावशी आली की तिचा आवाज जायचा. एवढं कळल्यावर बाईंच्या जिवात जीव आला. पण पुढच्याच ओळीत ‘दुसऱ्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’ असं आलं, म्हणून त्या दुसऱ्याकडे वळल्या. तिथे आवाज जायचा तो आत्या आली की. नवव्यात काकू आली की.

“पोरगी भलतीच नातेवाइकांना भिते,” त्या नणंदेला म्हणाल्या. नणंद त्यांच्याकडेच राहायची. तिने टेबलावरच्या मावशी, आत्या, काकू अशा तिन्ही चिठ्ठ्या उचलून त्यांवरच्या नोंदी वाचल्या.

“वहिनी, या तिघीही डाव्या पायाने लंगडतात?”

बाईंनी चिठ्ठ्या ओढून घेतल्या आणि पुन्हा फोन फिरवला.

“सर, ही बाई मावशी आहे की आत्या?”

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“मूळ भाषेत तिघींना एकच शब्द आहे,” सर म्हणाले. “दोन वर्षं काम चाललं होतं. त्या त्या दिवशी तोंडात येईल ते लिहिलं असणार मी.”

“पण फरक पडत असेल ना?”

“पडतो. लेखकाच्या मते तो धाक बापाच्या घराण्याचा. आत्या असली तर ठीक. मावशी असली तर...”

“माय मरो, मावशी उरो,” नणंद मागून पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मूळ पुस्तक घेऊनच आले. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. रात्री प्रुफं चाळून झालेली नणंद म्हणाली, मोठ्या अक्षरातलं लिखाण राहू दे, तळटिपा बघा, पोरगी स्वतः बोलते ती तिथेच. अकराव्या प्रकरणाच्या एका टिपेत सापडलं: लहानपणी आई आणि ती लंगडणारी बाई एका पलंगावर झोपायच्या, आजोबा दोघी लेकींच्या वेण्या घालायचे.

“मावशी,” नणंद म्हणाली.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “प्रस्तावना मी आत्या धरून लिहिलीय. वर्गातही तसंच सांगतो.”

“किती वर्षं झाली?” बाईंनी विचारलं.

“सहा.”

मग सर हळूच म्हणाले, “खरं सांगू? पहिलं प्रकरण मलाही कळलेलं नाही. आमच्या सरांनी सातव्यापासून धर म्हटलं, मी धरलं.”

त्यांनी सगळीकडे ‘मावशी’ केलं. त्याला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. मग नणंदेने विचारलं, “पण मावशीला बघून आवाज का जावा?” सर नेहमीच्या सफाईने समजावू लागले आणि अर्ध्यावर थांबले.

“नाही, हे आता जुळत नाही. परत वाचायला हवं.”

“कुठून?” बाई म्हणाल्या.

सरांनी पानं पुढे केली, मागे केली आणि नणंदेकडे पाहिलं.

“मावशी दारात येते तिथून वाचा,” ती म्हणाली.

बाईंनी ते पान काढलं. तीन ओळी कळल्या. चौथीवर तिघंही अडकली.