हाकेला ओ देणाऱ्या शिंपल्या

त्या दिवशी पहाटे आमच्या तळ्याच्या काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. अख्खी वस्ती टोपल्या घेऊन उभी, आणि गुडघाभर पाण्यात हाकवाला. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. यंदाच कुठूनसा आला, हाक मारतो म्हणून हाकवाला. उंच, दाढीवाला, हातात माणसापेक्षा लांब काठी.

त्यानं काठी चिखलात खुपसली, डोळे मिटले आणि सुरू झाला, "या गं माझ्या लेकींनो! अंधार सोडा, चिखल सोडा! तुमचा बाप दारात उभा आहे!"

मागून न्हावी म्हणाला, "एवढ्या लेकी? लग्नं कशी लावणार हा?"

"गप रे, मेल्या!" बायका खेकसल्या.

आणि खरंच हो, चिखल हलला. आधी लाल गांडुळं वर आली. मग एक शिंपली, मग दहा, मग शेकडो. तोंडं उघडी टाकून चिखलावर आडव्या. ज्या शिंपल्या काढायला आम्ही वीतभर खणतो, त्या आपण होऊन बाहेर! लोकांनी हात जोडले. माझी थोरली बहीण तर रडायलाच लागली.

ताईला हसू नका. तिचा नवरा कधीच गेला. तळ्यातल्या शिंपल्यांच्या एका वाफ्यावर तिनं तीस वर्षं घर चालवलं. सगळं वाकून. गुडघे असे वाजतात की ती येतेय हे मला आधी ऐकू येतं. तिला वाकून खणायला न लावता कुणी टोपली भरून दिली, तर ती त्याला देव म्हणेल नाहीतर काय म्हणेल? हाकवाला दर वेळी प्रत्येकाकडून एक टोपली घ्यायचा, तीही तिनं हौसेनं दिली.

आता आमची चूक सांगतो. आमचं तळं खाऱ्या पाण्याचं. पलीकडे समुद्र, मधे वाळूचा दांडा आणि दांड्यात एक अरुंद मुख. दरवर्षी मुख वाळूनं बुजतं, आणि दरवर्षी आम्ही सगळे फावडी घेऊन ते मोकळं करतो. दोन दिवस कंबरडं मोडतं. यंदा हाकवाला म्हणाला, "मुख उघडलंत तर लेकी समुद्रात पळून जातील." आम्ही लगेच ऐकलं. आळशाला निमित्तच हवं असतं. मी होड्या दुरुस्त करतो, फावड्यांना धार मीच लावतो, पण मीही काही बोललो नाही.

बोलली ती चाळणीवाली. ही बाई दर महिन्याला येते. तळ्यात नऊ ठिकाणचा चिखल काढते, चाळणीत धुते आणि त्यातले किडे, गांडुळं, बारक्या शिंपल्या मोजते. आम्ही तिला अर्धवट समजायचो.

त्या पहाटे ती ताईला म्हणाली, "मावशी, शिंपलीला कान नसतात. ही हाकेला आलेली नाही. हिचा श्वास कोंडलाय."

"किडे मोजणारीनं मला शिंपल्या शिकवायच्या?" ताई भडकली.

"किड्यांनीच सांगितलं मला. पूर्वी मुखाजवळच्या एका चाळणीत वीस तऱ्हेचे जीव मिळायचे. समुद्राचं ताजं पाणी लागायचं ना. तुमच्या वाफ्यात बारा. आता शिंपल्या सोडल्या तर तुमच्याकडे उरलंय फक्त ते लाल गांडूळ, जे घाणीतही तग धरतं. गेल्या महिन्यात शिंपल्यांची पिल्लं चाळीस होती. आज चार."

ताईनं भरलेली टोपली खाली ठेवली. पिल्लं म्हणजे पुढच्या दोन वर्षांची भाकरी.

"खोटं असेल तर?" तिनं विचारलं.

"तर चाळणी तुमच्या अंगणात ठेवून जाईन. पण आधी दोन बादल्या भरा. तुमच्याच हातानं."

ताईनं एकाच खड्ड्यातला चिखल, पाणी आणि शिंपल्या दोन बादल्यांत भरल्या. त्या माझ्या होडीच्या शेडमध्ये ठेवल्या. शिंपल्या चिखलात शिरल्या. एका बादलीला घट्ट झाकण, दुसरीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप. कुलूप घालून किल्ली ताईनं कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हीऽऽ गर्दी. झाकण काढलं. सडक्या अंड्यासारखा वास! आणि सगळ्या शिंपल्या वर, तोंडं वासून. कुणाची हाक नाही, काठी नाही.

"आता बुडबुड्यांच्या बादलीतल्या बोलवा, महाराज," चाळणीवाली म्हणाली.

हाकवाल्यानं घसा खाकरला. "या गं लेकींनो!" काही नाही. "बाप आलाय!" काही नाही. घसा बसेपर्यंत ओरडला. शेवटी म्हणाला, "या लेकी आज रुसल्यात."

"सासरी नांदतायत, म्हणून येत नाहीत," न्हावी म्हणाला, आणि शेड हसून गदगदली.

ताई हसली नाही. "थांबा. तो पंप ह्या वर आलेल्यांच्या बादलीत टाका."

कुणी हललं नाही घरी जायला. दुपारपर्यंत बहुतेक शिंपल्या हळूहळू चिखलात उतरल्या. पाच मात्र मेल्या. ताईनं त्या पाच तळहातावर घेतल्या आणि हाकवाल्याकडे बघितलं. "ह्या तुला बघायला येत नव्हत्या. जीव वाचवायला येत होत्या. आणि मी हात जोडत होते."

चाळणीवालीनं त्याची काठी उचलली. खालचा हातभर भाग काळा आणि तोच वास. "आदल्या संध्याकाळी हा काठी खुपसून बघायचा. काळी निघाली, वारा पडलेला असला, उकाडा असला की सांगायचा, उद्या पहाटे या. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं, रात्री तेही हवाच खातं. म्हणून पहाटे तळाशी काही उरत नाही. मुख बंद, तर नवी हवा येणार कुठून?"

हाकवाला खाली बघत म्हणाला, "पोटासाठी केलं, मावशी."

"आमचीही पोटंच आहेत," ताई म्हणाली. मी त्याच्या हातात फावडं दिलं.

दीड दिवस खणलं. त्यानंही खणलं, आणि चांगलं खणलं, उगाच का नाव ठेवू? समुद्राचं पाणी घुसलं तेव्हा पोरीबाळी ओरडत पळाल्या. पुढच्या महिन्यात ताईच्या वाफ्यात चाळणीनं अकरा पिल्लं दाखवली. चाळीस नाहीत, अकरा. ताई परत वाकून खणते, गुडघ्यांना शिव्या देते आणि दर महिन्याला चिखल धुवायला सगळ्यांत आधी जाते.

बाबांनो, मी चौथीत शाळा सोडली. पण एवढं कळलं, की आपले कष्ट वाचवणारा चमत्कार आपल्याला फार लवकर पटतो. तेव्हाच विचारायचं, हे असं का होतंय? आणि ते थांबवायला आपल्याला कोण अडवतंय? विचारायला शिक्षण लागत नाही. लाज तेवढी सोडावी लागते.