थोराचं अर्धं मत

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या पक्षाच्या अधिवेशनात आमच्या राज्याला चौदा मतं होती आणि आम्ही माणसं पाठवली अठ्ठावीस. प्रत्येकाला अर्धं मत. यात पक्षाची सोय होती. चौदा जणांना खूश करण्याऐवजी अठ्ठावीस जणांना खूश करता यायचं, आणि शिकागोचा प्रवास, हॉटेल, गवती टोपी हा खर्च ज्याचा त्यानेच करायचा. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. अर्धा पौंड खिळे मी रोज विकतो, पण माणूस अर्धा मोजतात हे मला तेव्हाच कळलं.

एक अर्धं मत मला आणि एक माझ्या बायकोला, थोराला मिळालं होतं. मी सिनेटर हॅलोरनचा माणूस. ती जज पेलची. म्हणजे आमच्या घरातून दोन माणसं आगगाडीने शिकागोला जाणार, चार दिवस उकाड्यात बसणार आणि एकमेकांचं मत खोडून परत येणार. थोराला यात काही चूक दिसत नव्हती.

"तू एकटा गेलास तर हॅलोरन अर्ध्या मताने पुढे जाईल," ती म्हणाली. "कुणीतरी यायलाच हवं ना?"

पेलवरून आमचं आठ वर्षं भांडण होतं. तो एकदा आमच्या चर्चच्या जेवणाला आला होता आणि जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन त्याने बायकांबरोबर भांडी पुसली होती. मी म्हणायचो, फोटोग्राफर उभा होता म्हणून पुसली. थोरा म्हणायची, फोटोग्राफर गेल्यावरही पुसत होता, मी शेजारी उभी होते. मी म्हणायचो, मी काही पाहिलं नाही. ती म्हणायची, तू कधी स्वयंपाकघरात आला असतास तर पाहिलं असतंस.

मे महिन्यात ती गेली. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. चिमटे हातात होते. डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं. शेजारणींनी आणून दिलेली जेवणं मी फ्रीजमध्ये ठेवायचो, खराब झाली की टाकायचो आणि त्यांची भांडी घासून परत द्यायचो. शिकागोसाठी घेतलेले तिचे बूट खोक्यातच राहिले.

पक्षाने दुखवट्याचं पत्र पाठवलं. त्याच पाकिटात कळवलं होतं की सौ. सोल्बर्ग यांच्या जागी पर्यायी प्रतिनिधी म्हणून श्री. ड्यूई क्रेन येतील. ड्यूई विमा विकतो. गव्हर्नर लायल बास्कम यांच्या बायकोचा तो भाऊ, म्हणून त्याची हुशारी राज्यभर माहीत आहे. त्याला विचारलं, मत कुणाला देणार? म्हणाला, "लायल सांगेल त्याला. हॅलोरनच म्हणतोय वाटतं."

मी घरी येऊन हिशेब केला. माझं अर्धं हॅलोरनला. थोराच्या खुर्चीतलं अर्धंही हॅलोरनला. म्हणजे लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भांडण जिंकणार होतो. तेही ती नसताना. ते मला नको होतं.

अधिवेशनाचा हॉल गुरांच्या बाजाराला लागून होता. वारा फिरला की भाषण कुणाचंही असो, वास तोच यायचा. आमच्या रांगेत कडेची खुर्ची थोरासाठी मागितलेली होती, तिचा गुडघा दुखायचा म्हणून. तिथे ड्यूई पाय पसरून बसला आणि माझ्या कानाजवळ शेंगदाणे फोडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नरांनी आम्हा सगळ्यांना हॉटेलच्या खोलीत बोलावलं. अंगात नवा पांढरा सूट होता.

"मंडळी, दार लावा," ते म्हणाले. "हॅलोरनची माणसं काल भेटून गेली. त्यांना आपली चौदा मतं पहिल्याच फेरीत हवीत. चौदाच्या चौदा. तुटका आकडा नको, टेलिव्हिजनवर बरा दिसत नाही. आणि तसं झालं तर उपाध्यक्षपदासाठी..." इथे त्यांनी खाली पाहिलं आणि कोट सरळ केला. "आपल्या राज्याचा विचार होईल."

"राज्याचा म्हणजे तुमचा ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी राज्यापेक्षा वेगळा आहे का?" गव्हर्नर म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात वर केला. "गव्हर्नरसाहेब, माझं अर्धं मत पेलला आहे."

ड्यूईने शेंगदाणा चावायचं थांबवलं.

"ऑर्विन, तू तर हॅलोरनचा माणूस!"

"आहेच."

"मग पेल तुला आवडतो?"

"छे. मला तो ढोंगी वाटतो."

"मग काय भानगड आहे बाबा?"

मी सांगितलं. थोराच्या खुर्चीत बसून ड्यूई पेलला मत देत असेल तर मी खुशाल हॅलोरनला देतो. घरातून एक अर्धं इकडे आणि एक अर्धं तिकडे गेलं पाहिजे.

गव्हर्नर माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खिडकीपाशी घेऊन गेले. थोरा किती चांगली होती ते सांगितलं, तिचं नाव एकदा डोरा असं घेतलं, आणि मग म्हणाले, "तिला आपल्या राज्याचा अभिमान वाटला असता की नाही?"

"ती तुम्हाला कोंबडा म्हणायची, साहेब," मी म्हणालो. खरं होतं ते.

मग ज्याने त्याने मला जमेल तसं समजावलं. एकजण म्हणाला तालुक्याचा रस्ता होईल. एकजण म्हणाला पोस्टमास्तरची जागा रिकामी होतेय. ड्यूई म्हणाला, "ऑर्विन, दुःखात माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. आमच्या कंपनीचं पत्रकच आहे तसं."

"मोठा कुठे आहे? अर्धाच आहे."

खाली जाताना लिफ्टमध्ये दुसऱ्या एका राज्याचे गव्हर्नर भेटले. त्यांच्या अंगातही नवा पांढरा सूट होता. आमचे गव्हर्नर आणि ते एकमेकांचे सूट बघत खालपर्यंत गेले. लॉबीत तसाच सूट घातलेला तिसरा उभा होता.

संध्याकाळी राज्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली. प्रत्येक राज्याचा पुढारी उठायचा आणि मत सांगण्याआधी आपल्या राज्याची जाहिरात करायचा. आमच्याकडे जगातली सर्वांत उंच मक्याची कणसं. आमच्याकडे देशातली सर्वांत गोड पाण्याची तळी. एकाने तर डुकरांची संख्या सांगितली आणि हॉलभर टाळ्या पडल्या. आमची पाळी आली. गव्हर्नरांनी गहू, बर्फ आणि इमानदार माणसं यांची नावं घेतली, आणि इमानदार माणसांपाशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची चौदाच्या चौदा मतं सिनेटर हॅलोरन यांना!"

पक्षाचा एक नियम आहे. पुढाऱ्याने सांगितलेला आकडा कुणाही प्रतिनिधीला मान्य नसेल तर तो नावानिशी मोजणी मागू शकतो. मग व्यासपीठावरून एक कारकून मायक्रोफोन घेऊन खाली येतो आणि एकेका माणसाला विचारतो. मी उभा राहिलो आणि मोजणी मागितली. दुकानात मागच्या फडताळापर्यंत हाक पोचवायची सवय होती, ती उपयोगी पडली.

"बस खाली!" गव्हर्नर दातांतून म्हणाले. "सगळा देश बघतोय!"

कारकून आला. एकेक नाव घेत गेला. हॅलोरन, अर्धं. हॅलोरन, अर्धं. ड्यूई उठला, शर्टावरची सालं झटकली आणि म्हणाला, "हॅलोरन, अर्धं," आणि त्याने कॅमेऱ्याला हात केला. मग माझं नाव आलं.

"पेल," मी म्हणालो. "अर्धं."

व्यासपीठावरून आकडा जाहीर झाला. साडेतेरा हॅलोरन, अर्धं पेल. हॉलमध्ये हशा पिकला. पण आकडा सगळ्या देशाला ऐकू गेला. माझ्या मेव्हणीने, थोराच्या बहिणीने, घरी रेडिओवर तो ऐकला आणि रेडिओला उद्देशून ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीसुद्धा हॅलोरनचीच.

हॅलोरन पहिल्याच फेरीत जिंकला. तो जिंकणार होताच. आमच्या चौदा मतांची गरज त्याला नव्हती, साडेतेराचीही नव्हती. निकाल लागताच खुद्द जज पेल व्यासपीठावर चढला आणि म्हणाला, सिनेटर हॅलोरन यांची निवड एकमताने झाली असं जाहीर करावं. अध्यक्षांनी विचारलं, "मान्य असलेल्यांनी हो म्हणा." सगळे हो म्हणाले. "नाही" साठी त्यांनी जागाच ठेवली नाही, बँड सुरू केला. मी नाही म्हणालो. माझ्या पुढे बँडवाल्याचा ट्रॉम्बोन वाजत होता.

हे मात्र मला सहन होईना. मी पेलला गाठायला मागच्या बोळात गेलो. तो घाम पुसत उभा होता.

"साडेतेरा आणि अर्धं, ते तुम्हीच का?" त्याने माझा हात हातात घेतला. "फार आभारी आहे. पण खरं सांगू का, तुम्हीसुद्धा हॅलोरनला दिलं असतंत तर मला आज जरा सोपं गेलं असतं."

"तुम्ही आमच्या चर्चमध्ये भांडी पुसली होती. आठवतं?"

"मी पुष्कळ ठिकाणी पुसली आहेत."

"फोटोग्राफर गेल्यावरही पुसत होता का?"

तो हसला. "ते कसं आठवणार हो?"

बघ थोरा, मी मनात म्हणालो, याला आठवतही नाही. आणि लगेच मला कळलं ती काय म्हणाली असती. दाखवायला केलं असतं तर बरोबर आठवलं असतं, असं म्हणाली असती. मी बोळात उभा राहून यावर उत्तर शोधत राहिलो.

त्या रात्री गव्हर्नर सूट घालून टेलिफोनजवळ बसले होते. सकाळी जेवणाच्या खोलीत मी पाच पांढरे सूट मोजले, सगळे चुरगळलेले. उपाध्यक्ष ठरला होता हॅलोरनच्या खोलीत, चारपाच माणसांमध्ये. जज पेल. त्याचं राज्य मोठं होतं आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते हवं होतं. पेलने एकमताचा ठराव इतक्या गोड आवाजात का मांडला होता ते तेव्हा समजलं.

मला वाटलं आता गव्हर्नर मला गोळी घालणार. ते तरातरा माझ्या टेबलाशी आले, मागून दोन वार्ताहर. मी काटा खाली ठेवला.

"हा आमचा ऑर्विन!" गव्हर्नर म्हणाले आणि मला मिठीत घेतलं. "कुणी पेलसाहेबांबरोबर नव्हतं तेव्हा आमचं राज्य होतं! लिहा, लिहून घ्या. आमचं अर्धं मत शेवटपर्यंत हललं नाही!"

"तुमचं?" मी विचारलं.

"राज्याचं रे. मी राज्यापेक्षा वेगळा आहे का?"

वार्ताहरांनी फोटो काढला. दुपारपर्यंत आमच्या रांगेत सगळ्यांच्या छातीवर पेलचे बिल्ले आले. ड्यूई मला म्हणाला, त्याला पहिल्यापासून आतून पेलच वाटत होता, फक्त तो बोलला नव्हता.

"म्हणजे आज तू पेलला देणार?"

"मग काय! लायलनेच सांगितलंय."

मी त्याच्याकडे बघितलं. शर्टावर सालं, पाय पसरलेले, थोराच्या कडेच्या खुर्चीत. आणि त्या खुर्चीतून आज पेलचं नाव निघणार होतं. तिचं अर्धं मत फिरून जागेवर आलं होतं. आता माझं मोकळं झालं.

उपाध्यक्षासाठी राज्यांची नावं पुकारली. पुन्हा कणसं, पुन्हा तळी, पुन्हा डुकरं. आमचे गव्हर्नर उठले. "ज्या राज्याने एका थोर माणसाला सर्वांत आधी ओळखलं, त्या राज्याची चौदाच्या चौदा मतं जज पेल यांना!"

मी उभा राहिलो. "मोजणी करा."

गव्हर्नर इतक्या झटक्याने वळले की त्यांचा बिल्ला निसटून पडला. "आता काय? अरे, तुझाच माणूस आहे तो!"

"माझा नाही. तिचा."

तोच कारकून आला. मला बघून त्याने सुस्कारा सोडला. पेल, अर्धं. पेल, अर्धं. ड्यूई उठला आणि थोराच्या खुर्चीपाशी उभं राहून मोठ्याने म्हणाला, "पेल, अर्धं!" मला त्या मूर्खाचा हात धरावासा वाटला.

मग माझं नाव.

"पेल नको," मी म्हणालो.

"नको असं चालत नाही," कारकून म्हणाला. "कुणाचं तरी नाव सांगावं लागतं."

मी याचा विचारच केला नव्हता. समोर गव्हर्नर उभे होते, त्या चुरगळलेल्या पांढऱ्या सुटात. तीन दिवसांत सबंध हॉलमध्ये त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"गव्हर्नर लायल बास्कम," मी म्हणालो. "अर्धं."

व्यासपीठावरून आकडा जाहीर झाला. गव्हर्नर पुटपुटले, "ऑर्विन, मी तुझा जीव घेईन." पण स्वतःचं नाव लाउडस्पीकरवर ऐकताना ते क्षणभर ताठ उभे राहिले, आणि कोटाचं बटण त्यांनी लावलं. कोंबडा म्हणायची ती, ते उगाच नाही.

पेलची निवडही एकमताने झाली. बँड वाजला, वरून फुगे सोडले. निम्मे जाळीतच अडकून राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरातून एक अर्धं इकडे आणि एक अर्धं तिकडे गेलं होतं, आणि ते ऐकू गेलं होतं.

बाहेर आलो. वारा गुरांच्या बाजाराकडून येत होता. फाटकाशी एकजण गाडीवर सॉसेज विकत होता, पावात घालून. त्या वासातही मला भूक लागली. मी एक घेतलं, वर मोहरीची चटणी भरपूर घालायला सांगितली. मोहरीवरूनही आमचं भांडण होतं, तिला वाटायचं मी फार घालतो. उभ्या उभ्या सगळं खाल्लं आणि आणखी एक मागितलं. दुसऱ्यावर थोडी कमी घालायला सांगितली.